नटदर्शनाची हौस

भिलाईच्या उत्तरेस नंदिनीनगर नावाची एक खाणवस्ती आहे. झोतभट्टीत लोखंड वितळवावयाचे तर नुसत्या लोहखनिजाने भागत नाही. त्याबरोबर चुनखडीचा दगडही लागतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज आले ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आणि चुनखडी आली ती नंदिनीच्या खाणीतून. सोव्हिएट रशियाशी १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले आणि त्या सुमारास देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या भागात येऊन वसली. बंगाली आले, तेलुगू आले, मल्याळी आले. आणि भंडारा-गोंदियाकडून, त्याच लोहमार्गावरून चार-सहा तासांचा प्रवास करून, आमच्यासारखी मराठी कुटुंबेही आली.

श्रोतेहो, मुंबई ते हावडा हा जो लोहमार्ग नागपूर, गोंदिया, दुर्ग, रायपूर असा जातो, त्याने आमच्या वस्तीचे मन घडविले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. एका टोकाला कलकत्ता, दुसऱ्या टोकाला मुंबई. कलकत्त्याहून परतणाऱ्यास लोक प्रकृतीचे आणि पाहुण्यांचे वर्तमान विचारीत. मुंबईहून परतणाऱ्यास मात्र एकच प्रश्न असे : "काय रे, कोण कोण दिसलं?" 'कोण' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नसे. मुंबईत राहतो त्यास नटनट्या दिसतातच, जसे समुद्राकाठी राहणाऱ्यास समुद्र दिसतो, अशी सर्वांची खात्री होती. दुर्गसारख्या आमच्याच गावी जन्मलेले किशोर साहू मुंबईस जाऊन १९३७ साली 'जीवन प्रभात' या चित्रपटात नायक झाले होते, या गोष्टीने ती खात्री अधिकच बळावली होती. आपल्याकडचा मनुष्य तेथे पडद्यावर दिसू शकतो, तर तेथे गेलेल्या आपल्या मनुष्यास पडद्यावरची माणसे का दिसू नयेत?

मी स्वतः १९८२ साली नोकरीनिमित्त मुंबईस गेलो आणि दादरला मामांच्या घरी तीन वर्षे राहिलो. त्या तीन वर्षांत मला कोण कोण दिसले, हे मी पुढे सांगणारच आहे. परंतु या प्रश्नाचा विचार करू लागल्यावर माझ्या असे ध्यानात आले की नटास पाहावयाची ही हौस वाटते तितकी जुनी नाही. निदान आज आपण जिला ओळखतो त्या स्वरूपात तरी नाही. तिलाही एक इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्या मराठी मुलखातच घडलेला आहे.

चित्रपटाच्या आधी नाटक होते, आणि नाटकाचा नट लोकांना दिसतच असे. नाटक मंडळी गावी आली म्हणजे बिऱ्हाड करून राही. नट नदीवर स्नानास जात, देवळात दर्शनास जात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, त्यात धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. त्या दिवशी ग्रँट रोडच्या त्या नाट्यगृहाकडे लोटलेल्या गर्दीची वर्णने मराठी माणसे पुढे पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिली. परंतु लोक गेले ते प्रयोग पाहावयास. नारायणराव राजहंस बग्गीतून उतरताना दिसावेत, एवढ्यासाठी नव्हे. बालगंधर्वांचे नेसणे, अंबाडा, गजरा हे घरंदाज स्त्रियांनी उचलले. पण ज्या भामिनीचे त्या अनुकरण करीत, ती भामिनी नाट्यगृहाबाहेर कोठेच नव्हती. बाहेर होता तो एक सौम्य प्रकृतीचा गृहस्थ. ज्याला पाहावयाचे तो रंगमंचाबाहेर अस्तित्वातच नाही, तेव्हा दाराशी उभे राहावयाचे कोणासाठी?

मूकपटाच्या आरंभी ही गंमत आणखी वाढली. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दादरला तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये तो लोकांपुढे आला. त्यातील तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ते ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांची दृष्टी त्यांच्यावर गेली. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त तर रामही तेच आणि सीताही तेच. अशा या नटास रस्त्यात पाहून कोणी थबकले असेल असे मला वाटत नाही. फाळक्यांची मंडळी बाह्यचित्रणासाठी वांगणीस गेली, तेव्हा तलवारी घेतलेली ती माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असे वाटले आणि फौजदारापर्यंत वर्दी गेली, अशी हकीकत सांगतात. आपल्या देशातील पहिल्या चित्रपटनटांचे पहिले 'दर्शन' हे असे! लोक त्यांना पाहावयास धावले नाहीत, त्यांना पाहून धावले.

याच वर्षी, 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले. चित्रपटात स्त्रिया आल्या. परंतु तेवढ्याने आजच्या अर्थाची तारका निर्माण झाली नाही. ती निर्माण होण्यास मध्ये एक फाटक यावे लागले. त्या फाटकाची गोष्ट कोल्हापुरापासून सांगितली पाहिजे, कारण कोल्हापुरास प्रथम ते नव्हतेच.

बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही पेठेतल्या माणसांची कंपनी होती. १९२० च्या 'सैरंध्री'पासून १९२५ च्या 'सावकारी पाश'पर्यंतचे त्यांचे चित्रपट ज्या हातांनी तयार केले, ते हात सुतारकाम करणारे, रंग घोटणारे, मूर्ती घडविणारे होते. 'सावकारी पाशा'तला तरुण शेतकरी शांताराम वणकुद्रे याने याच कंपनीत पडेल ते काम करीत उमेदवारी केली होती. तालमीतले पैलवान मावळे होत आणि चित्रीकरण संपले की पुन्हा तालमीत जात. कोल्हापुरात नट दिसणे म्हणजे शेजारी दिसणे. त्यात अप्रूप ते काय? कोल्हापूरकर नटाकडे पाहात तो त्याचे काम चांगले झाले की वाईट एवढे सांगण्यासाठी, आणि ते तोंडावर सांगत. आजही त्या गावची ही खोड गेलेली नाही असे म्हणतात. मला स्वतःला ती खोड आवडते.

१ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनीची कोल्हापुरास स्थापना झाली आणि १९३३ साली ती पुण्यास आली. एरंडवण्याला, त्या काळच्या गावाबाहेर, प्रभातचा स्टुडिओ उभा राहिला. त्यास आवार होते, आवारास फाटक होते. मात्र फाटकाच्या आतील व्यवस्था कारखान्यासारखी होती. नट काय, सुतार काय, ध्वनिलेखक काय, सारे महिन्याच्या पगारावर. ठरल्या वेळी यावयाचे, काम असो वा नसो. काम नसेल त्या दिवशी दुसऱ्याच्या कामास हात लावावयाचा. अशा नटाला मोठी मोटार परवडत नसे आणि स्वतःविषयी फार मोठी कल्पनाही परवडत नसे. तो सायकलीवरून किंवा टांग्यातून घरी जाई, आणि पुणेकर त्यास पाहून न पाहिल्यासारखे करीत. पुणेकरांचा तो स्वभावच आहे.

तरीही पडद्याची जादू फाटकाबाहेर पसरू लागली होती. १९३६ साली 'संत तुकाराम' आला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढील साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस रस्त्याने जाताना दिसले की लोक त्यांच्या पायावर डोके ठेवीत असे सांगतात. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. बालगंधर्वांच्या बाबतीत रंगमंचावरची भामिनी आणि बाहेरचे नारायणराव ही दोन माणसे आहेत हे लोकांना पक्के ठाऊक होते. पागनीसांच्या बाबतीत ही दोन माणसे एक झाली. कॅमेरा चेहऱ्याच्या इतक्या जवळ जातो की पाहणाऱ्यास वाटते, आपण या माणसाला आतून ओळखतो. एकदा अशी ओळख वाटू लागली की प्रत्यक्ष भेटीची ओढ लागणारच. नटदर्शनाच्या हौसेचा उगम मी तरी येथे मानतो.

आणि त्या ओढीची दुसरी बाजूही त्याच स्टुडिओत, तीनच वर्षांनी दिसली. 'कुंकू' या १९३७ च्या चित्रपटाने शांता आपटे यांचे नाव देशभर गाजले होते. १९३९ च्या जुलै महिन्यात कंपनीशी मतभेद झाला म्हणून त्यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण आरंभिले. जिचा चेहरा पाहावयास लोक पैसे मोजीत, ती नटी उघड्यावर, कोणासही दिसेल अशी, आपल्या हक्कासाठी बसली होती! पुढील वर्षी, १९४० साली, त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'जाऊ मी सिनेमात?' चित्रपटात जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या मुलामुलींना या धंद्याचे अंतरंग दाखविणारे पुस्तक एका विख्यात नटीनेच लिहावे, हे त्या काळी सामान्य धैर्याचे काम नव्हते. नटास पाहणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. जी पाहिली जाते तिला काय वाटते, हे आपल्या भाषेत प्रथम स्पष्टपणे विचारले गेले ते या बाईंकडून. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० साली आले, ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय. ही दोन्ही पुस्तके वाचल्यानंतर स्टुडिओच्या दाराशी उभे राहताना पाय थोडे तरी अडखळावेत. माझे अडखळले नाहीत, कारण तेव्हा मी ती वाचली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सारेच बदलले. युद्धामुळे काही लोकांच्या हाती अमाप पैसा आला, आणि त्यातला पुष्कळसा हिशेबात न दाखविण्याजोगा होता. तो चित्रपटात ओतला जाऊ लागला. या नव्या निर्मात्यांस ना स्टुडिओ होता, ना सुतार, ना पगारी नट. त्यांना हवा होता फक्त एक गाजलेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यासाठी वर्षाच्या पगाराइतकी रक्कम ते एका चित्रपटास देऊ लागले. मग महिन्याच्या पगारावर कोण राहील? नट कंपन्या सोडून गेले, कंपन्या खचल्या. १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांतच पुण्याची प्रभात आणि मालाडची बॉम्बे टॉकीज या दोन्ही संस्था बंद पडल्या. प्रभातच्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, एवढे तरी बरे झाले.

नटाच्या हाती पैसा आला तसे त्याचे राहणे बदलले. परळ-दादरच्या गजबजाटातून तो वांद्र्याच्या पाली हिलवर आणि जुहूच्या किनाऱ्यावर गेला. बंगल्यास भिंत आली, भिंतीस फाटक आले, फाटकाशी पहारेकरी आला. आणि त्या फाटकाबाहेर गर्दी आली. मला वाटते, गर्दीमुळे भिंत बांधली जाते हे अर्धेच सत्य आहे. भिंत बांधली म्हणजे गर्दी जमते, हे दुसरे अर्धे. कोल्हापुरास भिंत नव्हती तेव्हा गर्दीही नव्हती.

शहराच्या अंगवळणी पडलेले न-दिसणे कसे असते, याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. १९४५-४६ च्या सुमारास पुण्यास प्रभातमध्ये दोन तरुण नव्याने आले होते, एक देव आनंद आणि दुसरा गुरुदत्त. परटाने एकाचा सदरा दुसऱ्याकडे दिला आणि त्यातून त्यांची मैत्री जुळली, ही आठवण देव आनंद यांनी वारंवार सांगितलेली आहे. पुण्याच्या रस्त्यांवरून हे दोघे तेव्हा मनसोक्त भटकत असतील. आणि एकाही पुणेकराने मान वळवून पाहिले नसेल. पुढील दहा वर्षांत त्याच लोकांनी त्यांचे चित्रपट पाहण्यासाठी रांगा लावल्या. दिसत होते तेव्हा पाहिले नाही, आणि पाहावेसे वाटले तेव्हा दिसेनात!

आता माझ्या तीन वर्षांकडे वळतो.

मी मुंबईस गेलो त्याच वर्षी, २६ जुलै १९८२ रोजी, बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना गंभीर दुखापत झाली आणि त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात आणण्यात आले. त्या दिवसांत रुग्णालयाबाहेर अहोरात्र माणसे उभी असत. कोणी उपवास करीत, कोणी नवस बोलत. मीही दोनदा गेलो. आत एक मनुष्य मृत्यूशी झगडतो आहे आणि बाहेर आपण त्याच्या दर्शनासाठी उभे आहोत, यात काही विसंगती आहे असे मला तेव्हा वाटले नाही. माझ्या शेजारी एक गिरणीकामगार उभा होता. त्या वर्षी जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता. त्याच्या घरी सहा महिने पगार नव्हता. तो म्हणाला, "दादा, हा माणूस वाचला पाहिजे. पडद्यावर तो आमच्यासाठी भांडतो." त्याच्या बोलण्यात भाबडेपणा होता असे आज कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

२४ सप्टेंबरला अमिताभ बरे होऊन जुहूच्या आपल्या घरी परतले. पुढे अनेक वर्षे दर रविवारी त्यांच्या बंगल्याबाहेर लोक जमत आणि ते बाहेर येऊन नमस्कार करीत. या प्रकारास लोकांनी 'दर्शन' हाच शब्द वापरला. नंदिनीनगरला पत्रातून काही तरी कळविता यावे म्हणून मीही कित्येक रविवार जुहूला काढले. बस बदलून जावयाचे, उन्हात उभे राहावयाचे, पहारेकऱ्याचे बोल खावयाचे. एकदा लांबून एक हात दिसला. तो कोणाचा होता हे निश्चित सांगता येत नाही; पत्रात मात्र मी ते निश्चित सांगितले. कार्टर रोडला राजेश खन्ना यांच्या 'आशीर्वाद' बंगल्यापुढेही एक संध्याकाळ घालविली. तेथे तेव्हा गर्दी नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर उभे राहावयास जागा मिळत नसे, असे नारळपाणी विकणारा सांगत होता.

या सर्व काळात मी राहात होतो दादरला, आणि दादरला भगवानदादा राहात होते.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ सालचा, अमरावतीचा, म्हणजे वऱ्हाडचा. वडील गिरणीत कामगार होते, आणि परळ-दादरच्या कामगारवस्तीत ते वाढले. शाळा जेमतेम, अंगमेहनतीची सवय आणि सिनेमाचे वेड या भांडवलावर मूकपटात शिरले आणि पुढे स्वतः हाणामारीचे चित्रपट काढू लागले. पैसा थोडा, म्हणून नटांचे कपडे, जेवण, सारे स्वतः पाहावयाचे. हे चित्रपट सुशिक्षितांनी पाहिले नाहीत. गिरणगावाने पाहिले, खेड्यापाड्यांनी पाहिले. पुढे राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला असे म्हणतात, आणि १९५१ साली 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. नाटकाचे वेड असलेल्या एका गरीब कारकुनाची ती कथा. थोडे जाडसर अंग, हसरा चेहरा आणि फारसे न हलता, खांदे आणि हात डोलवीत केलेला तो नाच! नाच शिकलेल्यांनाच येतो ही समजूत त्या नाचाने मोडली. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाचता येत नाही तोही ज्या नाचाने नाचतो, तो नाच भगवानदादांचा आहे.

त्यानंतर जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आठवड्याच्या सात वारांस सात मोटारी झाल्या. पुढचे चित्रपट मात्र चालले नाहीत. जे मिळविले ते चित्रपटात घातले आणि चित्रपटाने ते गिळले. बंगला गेला, मोटारी गेल्या, चेंबूरचा स्टुडिओ गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत राहावयास आले आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांत किरकोळ कामे करू लागले. ज्या अमिताभ यांच्या बंगल्यापुढे मी रविवार काढीत होतो, त्यांच्या नाचण्याची लकब भगवानदादांवरून आलेली आहे हे जाणकारांनी वेळोवेळी म्हटले आहे. म्हणजे मी जुहूला ज्याची प्रतिमा शोधीत होतो, त्याचे मूळ माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फाटक नसलेल्या चाळीत होते.

मला हे ठाऊक नव्हते असे नाही, आणि खरी बोच तीच आहे. जुहूहून थकून परतलेल्या मला पाहून मामा एकदा म्हणाले होते, "अरे, एवढं कशाला लांब जातोस? भगवानदादा इथंच तर राहतात. चल, नेतो तुला कधीही." मी "हो, जाऊ की" म्हटले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीशी थांबते, 'अलबेला'तले गाणे वाजते आणि दादांनी दोन पावले टाकल्यावाचून ती पुढे सरकत नाही, असेही मामा सांगत. तीन गणेशोत्सव आले आणि गेले. एक वर्ष मी लालबागला गेलो, एक वर्ष आजारी होतो, आणि एक वर्ष कोणीसे सांगितले की चेंबूरला आर. के. स्टुडिओच्या गणपतीस सारे नट येतात, म्हणून तिकडे जाऊन फाटकाबाहेर उभा राहिलो.

खरे म्हणजे त्या वेळच्या मुंबईत अशी माणसे जागोजाग होती. मूकपटाच्या काळात जिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही अधिक असल्याची वदंता होती, ती सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, ऑक्टोबर १९८३ मध्ये मुंबईतच वारली. मी तेव्हा मुंबईत होतो. कचेरीत त्या दिवशी कोणी काही बोलल्याचे मला स्मरत नाही.

१९८५ साली माझी मुंबईची नोकरी सुटली आणि मी परत आलो. त्यानंतर भगवानदादा आणखी सतरा वर्षे जगले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावर २०१६ साली एक मराठी चित्रपट निघाला, तो मी भिलाईत घरी बसून पाहिला. आर. के. स्टुडिओस २०१७ साली आग लागली आणि दोन वर्षांनी ती जागा विकली गेली. 'आशीर्वाद' बंगला तर त्याआधीच पाडला गेला होता. ज्या ज्या फाटकांबाहेर मी उभा राहिलो, त्यांपैकी दोन आज नाहीत.

परतल्यावर नंदिनीनगरला अर्थातच तो प्रश्न आला. शेजारच्या काकू मूळच्या तुमसरच्या, चहाचा पेला हाती देत त्यांनी विचारले, "मंग, तीन वर्षं राह्यलास मुंबईत, कोण कोण दिसलं सांग बरं." मी तो हात सांगितला. काकूंना तो पुरला नाही.

भिलाईच्या उत्तरेसच, आमच्या बाजूला, गनियारी नावाचे गाव आहे. त्या गावच्या पारधी कुटुंबात १९५६ साली जन्मलेली एक मुलगी आजोबांच्या तोंडून महाभारत ऐकून ते गाऊ लागली. बायकांनी पंडवानी गावी तर बसून गावी, असा रिवाज होता. ही उभी राहिली. हातातील तंबुऱ्याची कधी भीमाची गदा केली, कधी अर्जुनाचे धनुष्य केले. जातीने तिला बाहेर टाकले. ती एका झोपडीत राहिली आणि गात राहिली. हबीब तन्वीर यांनी तिचे गुण ओळखले, श्याम बेनेगल यांनी 'भारत एक खोज'मध्ये तिला घेतले, ती देशोदेशी जाऊन आली. २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण या पदव्यांनी सरकारने तिचा गौरव केला. त्या तीजनबाई भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस होत्या.

मी परतलो त्यानंतरच्या एका हिवाळ्यात भिलाईत त्यांची पंडवानी होती. मैदानात सतरंज्या घातलेल्या, फाटक नाही, पहारेकरी नाही. पुढच्या रांगेत बसावयाचे तर अर्धा तास आधी गेले म्हणजे झाले. मी निघताना काकूंच्या दारात थांबलो आणि येता का म्हणून विचारले. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीजनबाई व्हय? जा तू. ते आपल्या गनियारीचीच बाई आहे, तिले कवाही पाहता येते."